प्रभंजनचा तुटवडा

विद्यानगरातल्या सुमंतराव वकिलांच्या घरी प्रत्येक गोष्टीला नाव होतं. फाटकावर संगमरवरात कोरलेलं नाव होतं, कुत्र्याला नाव होतं, आवारातल्या दोन नारळांनासुद्धा थोरला आणि धाकटा अशी नावं होती. फक्त धाकट्या मुलाच्या धंद्याला नाव नव्हतं.

पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आणि बोलणं हळूहळू तिकडं वळायचंच.

"थोरले सुधींद्र तुमच्यासारखेच कोर्टात. छान. आणि धाकटे?"

सुमंतराव चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, परत डोळ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "तो ऑटोमोबाईलमध्ये आहे." आपलं माणूस आयसीयूमध्ये आहे हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात. पाहुणेही समजूतदार असत. तब्येत कशी आहे असं कुणी विचारत नसे.

प्रभंजन त्या वेळी जुन्या हुबळीत हणमंतच्या गॅरेजात असायचा. कुणाच्या तरी मोटारीच्या दारामागं एका हातानं लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या हातानं पुढून हातोडी चालवत असायचा. ठक, ठक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठक. गाडीचा पोचा काढणारा माणूस. हुबळीच्या तमाम मोटारवाल्यांच्या भाषेत डेंटर. एवढा साधा, तीन अक्षरांचा शब्द, पण जुन्या हुबळीहून विद्यानगरापर्यंत येता येता तो वाटेतच कुठंतरी उतरून जायचा.

प्रभंजन म्हणजे वादळ. बारशाला हे नाव कुणाला सुचलं देव जाणे, कारण कामाला तो वारा पडलेल्या दुपारसारखा होता. पत्र्यावर पंजा ठेवून डोळे मिटून उभा राही. गिऱ्हाईकाला वाटे, काय तपश्चर्या आहे. हणमंतला ठाऊक होतं, की त्यातली निम्मी तपश्चर्या आणि निम्मी झोप. गाडी कधी मिळेल असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्या." इतरांच्या आठवड्यात सात वार असतात. प्रभंजनच्या आठवड्यात 'उद्या' नावाचा आठवा वार होता, आणि तो कुठल्याच कॅलेंडरात सापडत नसे. पण गाडी एकदा त्याच्या हातून सुटली की मालक दारावरून बोट फिरवायचा, पोचा कुठं होता ते त्याला आठवायचं नाही, आणि भांडण करायला आलेला माणूस विडा देऊन जायचा.

सुमंतरावांच्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारालाही एक पोचा होता. कोर्टाच्या फाटकानं पाडलेला, वाटीएवढा.

"अप्पा, मी काढतो की," प्रभंजन म्हणाला होता.

"आवारात ठोकाठोकी नको. रस्त्यावरचे बघतील."

"मग गॅरेजात पाठवा."

"तिथं तर सगळेच बघतील."

त्यामुळं पोचा राहिला. सुमंतराव गाडी नेहमी डावी बाजू भिंतीकडं करून लावत. बाप-लेकांमधला तो एवढाच विषय होता, आणि तोही भिंतीकडं तोंड करून उभा असायचा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना संगीताबाईंची गाडी रिक्षावर आदळली. संगीताबाई कॉलेजांच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर इंग्रजी शिकवायच्या आणि शिकवून झालेल्यांना परदेशी पाठवायच्या. हणमंतच्या गॅरेजात त्या चौथ्यांदा 'उद्या' ऐकायला आल्या, तेव्हा त्यांचं दार तयार होतं. त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"तुम्ही इथं काय करताय?" त्या म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियात या कामाला माणूस मिळत नाही. तिथला गॅरेजवाला स्वतः सरकारकडं जातो, सांगतो की मला माणूस सापडत नाही, बाहेरून आणू द्या. मग तो तुम्हाला बोलावतो, नोकरी देतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात."

"आणि ह्यानं तिथं जाऊन उद्या या म्हटलं तर?" हणमंतनं विचारलं.

"तर परवा परत पाठवतात."

"मग नको रे बाबा. परत आला तर मलाच ठेवून घ्यावा लागेल."

पण प्रभंजनच्या कानात दुसरंच काही घुमत राहिलं. माणूस मिळत नाही. या कामाला माणूस मिळत नाही. आजवर त्यानं विद्यानगरात ऐकलं होतं ते याच्या नेमकं उलट. या घरात एवढी माणसं असताना हा आणखी एक कशाला, असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण पंगतीत पाट मांडताना ते दिसायचं. आणि पृथ्वीच्या खालच्या टोकाला एक अख्खा देश त्याच्याविना अडून बसला होता.

संगीताबाईंनी दिलेला कागद त्यानं घरी नेला. सुमंतरावांनी तो करारपत्र वाचावं तसा बोट ठेवून वाचला.

"पॅनल बीटर," ते म्हणाले. "बीटर म्हणजे मारणारा. कुणाला मारायचं?"

"पत्र्याला."

"तुटवड्याचे व्यवसाय," त्यांनी पुढं वाचलं आणि चष्म्यावरून मुलाकडं पाहिलं. घरातल्या जुन्या कपाटाला कुणीतरी अचानक भारी किंमत सांगावी, तसं ते पाहणं होतं.

सुधींद्रनं कागद मागून घेतला आणि त्यात वकील शोधला. तो होता, पण तिथं जाऊन तिथला कायदा नव्यानं शिकायची अट होती. धारवाडात शिकलेला कायदा ऑस्ट्रेलियात चालत नाही. पोचा मात्र दोन्ही देशांत आतच जातो. सुधींद्रनं कागद घडी करून परत दिला आणि चहात साखर कमी असल्याचं बायकोला सांगितलं.

पुढच्याच रविवारी पाहुणे आले. चहा झाला. धाकटे काय करतात?

सुमंतरावांनी या वेळी चष्मा काढला नाही. "पॅनल बीटर आहे," ते म्हणाले. "ऑस्ट्रेलियात त्याचा तुटवडा आहे."

आतल्या खोलीत प्रभंजन शर्टाची बटणं लावत होता. एक बटण त्याच्या हातात तसंच राहिलं. त्याला ऑस्ट्रेलिया कुठं आहे हेही धड ठाऊक नव्हतं, आणि कांगारूंची त्याला आवड नव्हती. पण अप्पांनी चारचौघांत आपलं काम उच्चारावं, ही भूक पोटात इतकी वर्षं निजली होती, ती उठून बसली. परभाषेतला का असेना, शब्द आला होता. आपल्या भाषेतलाही येईल. फक्त तिथं पोचायला हवं. मनाशी त्यानं ठरवलं, जायचं.

मग घर बदललं. त्याचा चहा स्टीलच्या पेल्यातून निघून बशीसकटच्या कपात आला. शेजारच्या यमुनाबाईंच्या भाचीची पत्रिका मागं दोनदा त्याच्याशी जुळली नव्हती. आता यमुनाबाई स्वतः सांगत आल्या की मागच्या वेळी गुरुजींनी चष्मा बदलायला टाकला होता, गुण छान जमताहेत. कोपऱ्यावरच्या गणपती मंडळाला स्पॉन्सर हा शब्द चांगलाच ठाऊक होता. स्पॉन्सर म्हणजे ज्याचा फोटो फ्लेक्सवर गणपतीपेक्षा मोठा असतो तो. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा स्पॉन्सर मिळतोय म्हटल्यावर मंडळाचे दोघं येऊन प्रभंजनचा फोटो घेऊन गेले.

स्पॉन्सर होता डॉयल नावाचा एक गॅरेजवाला. समुद्रापासून लांब, मेंढ्यांच्या गावात त्याचं दुकान. पहिल्यांदा त्यानं व्हिडिओवर प्रभंजनचं काम पाहिलं. हणमंतनं फोन धरला आणि प्रभंजननं एक दार ठोकून दाखवलं. डॉयल जवळ ये म्हणाला, पत्र्यावर उजेड पाड म्हणाला, आणि शेवटी नुसता अंगठा दाखवला. आता उरलं होतं एक बोलणं. संगीताबाई म्हणाल्या, माझ्या ऑफिसात बसा, मी शेजारी असते.

"ऑफिसात कशाला?" सुमंतराव म्हणाले. "घरी बोलू दे. त्यालाही कळू दे, आपण कुठल्या घरातला माणूस नेतोय."

म्हणून सकाळी दिवाणखान्यात खुर्ची मांडली गेली, आणि तिच्यामागं कायद्याची जाड पुस्तकं, कातडी बांधणी पुढं करून. घरचे सगळे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर भिंतीला चिकटून उभे राहिले. आई कुसुमावती स्वयंपाकघराच्या पडद्याआड.

"ती पुस्तकं कुणाची?" डॉयलनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"फादर, सर. लॉयर."

डॉयलनं आपली खुर्ची जरा मागं सरकवली. भिंतीजवळ सुमंतरावांची छाती जरा पुढं आली.

मग डॉयल मुद्द्यावर आला. माझ्याकडं याआधी बाहेरून दोघं आले, तो म्हणाला. त्यांना आणायला मी सरकारदरबारी किती खेटे घातले. दोघंही राहतो म्हणाले. कागद पक्के झाल्यावर मोठ्या शहरात निघून गेले. तू राहशील?

"येस सर. लाँग टाइम," प्रभंजन म्हणाला. हे वाक्य संगीताबाईंनी घोटून घेतलं होतं.

डॉयल हसला. झालं, आम्ही कळवतो, म्हणाला. आता फक्त निरोप घ्यायचा होता.

संगीताबाईंनी त्यासाठीही शब्द दिला होता. गुडबाय. पण तो ओठावर येताच पडद्याआडून कुसुमावतींची कुजबूज आली, "चांगल्या कामाच्या वेळी जातो म्हणू नकोस हं." आणि प्रभंजन थबकला. या घरात 'जातो' हा शब्द नव्हता. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही 'जाऊन येतो' म्हणायचा. लहानपणी एकदा शाळेला निघताना प्रभंजन चुकून 'जातो' म्हणाला होता, तर आईनं त्याला परत बसवून पाणी पाजून, नीट शब्द म्हणायला लावून मगच सोडलं होतं. गुडबाय त्याला जिभेवर तस्साच लागला, गेल्यासारखा. त्यानं तो गिळला आणि मोठ्या अदबीनं हात जोडले.

"ओके सर. आय गो अँड कम."

डॉयलचं हसू अर्ध्यावर थांबलं. "यू गो अँड कम?"

"येस सर."

"हाऊ ऑफन?"

इतक्या आपुलकीनं कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रभंजनचा ऊर भरून आला. "एव्हरी टाइम, सर," तो म्हणाला.

त्या दिवशी घरात धारवाडी पेढा वाटला गेला. मंडळाचा फ्लेक्स कोपऱ्यावर चढला. फ्लेक्सवर प्रभंजन, त्याच्यामागं विमान, खाली कन्नडमध्ये अभिनंदन आणि त्याखाली मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, जणू तेही विमानात बसणार होते.

आठवडा उलटायच्या आत उत्तर आलं. संगीताबाईंनी ते वाचून दाखवायला प्रभंजनला बोलावलं, तर सगळं घरच जिना चढून आलं. हात उत्तम आहेत, डॉयलनं लिहिलं होतं. पण मला इथं राहणारा माणूस हवा, सारखा येऊन जाऊन करणारा नको. हा तर प्रत्येक वेळी परत जाईन असं तोंडावर सांगतोय. प्रामाणिक आहे, त्याबद्दल आभार.

संगीताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात तुम्ही त्याला?"

प्रभंजननं सांगितलं. संगीताबाईंनी कपाळ टेबलावर टेकवलं. सगळे भराभर जिना उतरले. फक्त कुसुमावती सगळ्यांच्या मागं, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत होत्या.

घर परत पूर्वीसारखं व्हायला मात्र वेळ लागला नाही. चहा कपातून पेल्यात गेला. यमुनाबाईंच्या गुरुजींनी नवा चष्मा घातला आणि गुण पुन्हा कमी भरले. फ्लेक्स काढायची जबाबदारी कुणाचीच नसल्यानं तो तेवढा राहिला, आणि गॅरेजात जाता-येता प्रभंजनला रोज स्वतःच्या विमानाखालून जावं लागे.

"काय अण्णा, आज किती वाजताचं विमान?" कोपऱ्यावरचा पानवाला विचारायचा.

"उद्याचं," प्रभंजन म्हणायचा.

हे तो सोसत होता. पण एका रविवारी पाहुणे आले. दिवाणखान्यातून प्रश्न ऐकू आला, आणि मग ती चष्मा पुसण्याएवढी शांतता. "तो ऑटोमोबाईलमध्ये आहे," सुमंतराव म्हणाले. प्रभंजन मागच्या दारानं निघून गॅरेजात गेला, आणि रविवार असूनही एका बोनेटवर संध्याकाळपर्यंत हातोडी चालवत बसला. त्या बोनेटला पोचा नव्हता. काम संपल्यावर मात्र एक होता.

कुसुमावतींनी त्याला मागच्या दारानं जाताना पाहिलं होतं. तो जाऊन येतो म्हणाला नव्हता. काहीच म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच संगीताबाईंचा जिना चढल्या. "त्या साहेबाला मी सांगते तसं लिहा," त्या म्हणाल्या.

"आई, त्यानं नाही म्हटलंय."

"त्याला कळलं नाही म्हणून म्हटलंय. लिहा. मी प्रभंजनची आई. माझा मुलगा डेंटर आहे."

"पॅनल बीटर लिहिते."

"तुम्ही काय ते लिहा. मी डेंटर म्हणतेय." एकदा म्हणून झाल्यावर त्यांना तो शब्द फारसा जड वाटला नाही. "लिहा, की आमच्यात घरातनं निघताना जातो म्हणत नाहीत. कन्नडवाले पण होगि बर्तीनि म्हणतात, जाऊन येतो. त्याचा अर्थ परत येणार असा नसतो. मी लग्न होऊन कुंदगोळहून निघाले, तेव्हा वडिलांना म्हटलं, जाऊन येते. डोकं पांढरं झालं. अजून विद्यानगरातच आहे. हे नीट लिहा."

संगीताबाईंनी नीट लिहिलं. लिहिताना त्यांची बोटं एकदा थांबली, कारण त्याही कधीतरी बेळगावहून तेच म्हणून निघाल्या होत्या.

डॉयलचं उत्तर लहान होतं. माझ्याकडचे दोघं राहतो म्हणाले आणि गेले. तुमच्याकडं जाऊन येते म्हणणाऱ्या बायका जन्मभर राहत असतील, तर मला तसलाच माणूस पाठवा.

मग कागद झाले, तपासण्या झाल्या, इंग्रजीची परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियाला माणूस फार नको होता, त्याला हात हवे होते. पण हात माणसासकटच येतात अशी अडचण असल्यानं छाती, डोळे, दात, पोलीस ठाण्याचा दाखला हे सगळंही तपासून घ्यावं लागलं. घरात पेल्याचा पुन्हा कप झाला. प्रभंजननं तो कप उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि चहा पेल्यात ओतून प्यायला.

निघायच्या सकाळी फाटकाबाहेर भाड्याची गाडी उभी राहिली. यमुनाबाई, मंडळाचे पदाधिकारी, शेजारीपाजारी, सगळे जमले. हणमंत बॅग डिकीत ठेवत होता. प्रभंजन वडिलांच्या पाया पडला, उभा राहिला आणि म्हणाला, "जातो."

पदाधिकाऱ्यांपैकी एकाच्या हातातला हार तसाच राहिला. कुसुमावतींनी पदर तोंडाला लावला.

"जाऊन येतो म्हण," सुमंतराव म्हणाले.

"म्हणतो की. आधी एक सांगा, अप्पा. मी काय करतो?"

सुमंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. आयुष्यभर त्यांनी साक्षीदारांना प्रश्न विचारले होते, उत्तर द्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती. "पॅनल बीटर," ते म्हणाले.

"तो डॉयलसाहेबांचा शब्द झाला. तुमचा सांगा."

सुमंतरावांनी चष्मा काढला. पुसला. पुसतच राहिले. गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. शेवटी कुसुमावतीच पुढं झाल्या, पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "त्यांचं राहू दे," त्या म्हणाल्या. "माझा शब्द मी केव्हाच तिकडं कळवलाय. मला सांग."

प्रभंजन पाणी प्यायला. "जाऊन येतो, आई," तो म्हणाला. आईलाच म्हणाला. मग वाकून गाडीत बसला. फाटकातून बाहेर पडताना त्याची नजर पांढऱ्या गाडीकडं गेली. ती डावी बाजू भिंतीकडं करून उभी होती.

मेंढ्यांच्या गावात तो रुळला. डॉयलला त्याचा हात आवडला, आणि 'टुमारो' हा शब्द हळूहळू अंगवळणी पडला. एक दिवस तिथल्या दुपारच्या चहाला, म्हणजे हुबळीत दुकानं उघडायच्या वेळेला, हणमंतचा फोन आला. हणमंतला बोलायचं होतं आणि हसायचंही होतं, दोन्ही एकदम होत नव्हतं.

"तुझे अप्पा आले होते रे."

"कुठं?"

"गॅरेजात. पांढरी गाडी घेऊन. यमुनाबाईंच्या जावयानं उजवं दार पण ठोकलं. आता कुठल्या बाजूनं लावणार? भिंत एकच आहे."

प्रभंजननं चहाचा मग खाली ठेवला. "मग?"

"मग काय, फाटकात उभे राहिले. मी गाडीखाली होतो, दिसलो नाही त्यांना. मोठ्यानं हाक मारली."

"काय म्हणाले?"

"डेंटर आहे का रे, म्हणाले."

प्रभंजननं फोन कानाशी घट्ट धरला. मागं डॉयलच्या दुकानात कुणीतरी पत्रा ओढत होतं.

"ऐकलास का?"

"आवाज तुटला. परत सांग."

"डेंटर आहे का, म्हणाले. भर रस्त्यात. मी बाहेर आलो, म्हटलं, होता वकीलसाहेब. चांगला होता. आता हुबळीत त्याचा तुटवडा आहे."

"तू असं म्हणालास?"

"हौद्री, तोंडावर. उभेच राहिले बिचारे. दारावरच्या त्या जुन्या पोच्यावर हात ठेवून. दुसऱ्याकडं देऊ का गाडी, विचारलं, तर नको म्हणाले. कधी होईल तेवढं विचार त्याला, म्हणाले. आता काय सांगू?"

प्रभंजननं मग उचलला. चहा गार झाला होता. त्यानं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

"शेवटचं काय ते ऐकू आलं नाही बघ," तो म्हणाला. "हाक काय मारली म्हणालास?"

"डेंटर," हणमंत ओरडला. "डेंटर, डेंटर. आता सांग, त्यांना काय सांगू?"

"उद्या म्हणून सांग," प्रभंजन म्हणाला.